अठरा विड्यांची गिटार

काशम्माला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि गिटार तिनं जन्मात डोळ्यांनी पाहिली नव्हती. तरी पंच्याहत्तर साली सोलापुरात परदेशी गिटारीची खरी पारख कुणाला होती असं मला आज कुणी विचारलं, तर मी तिचंच नाव घेईन. तेव्हा विचारलं असतं तर माझं स्वतःचं घेतलं असतं. मी बत्तीस वर्षांचा होतो, साखर पेठेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि आपल्याला सगळं कळतं हा माझा समज पेठभर माहीत होता.

दुकान म्हणजे एक लांबट खोली आणि मधोमध लाकडी फळ्यांची भिंत. रस्त्याकडच्या भागात मी, मागच्या भागात काशम्मा, गिरणीत जाणारा तिचा नवरा आणि दोन मुली. घर पद्मशाली विणकरांचं, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायचो. ती मला नावानं हाक मारायची आणि चिडली की ‘ए रेडिओ’ म्हणायची. दिवसभर फळ्यांना पाठ टेकून ती विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. मिनिटाला दोन विड्या, दिवसाला हजार. तोंडानं ती कुणाशी भांडत असली तरी हाताचा वेग कमी व्हायचा नाही.

गिटारीचं वेड आमच्याकडे आणलं ते इलाहीबक्षनं. तो चादरींचा ट्रक घेऊन मुंबईला जायचा आणि येताना तिथल्या जुन्या बाजारातून इंग्रजी रेकॉर्डी उचलून आणायचा. कव्हर फाटलेलं नाहीतर नसलेलंच, मधलं लेबल खरवडलेलं. कोण वाजवतोय, कुठल्या मुलखातला, काही पत्ता लागायचा नाही. पहिली रेकॉर्ड मी लावली आणि गिटारीतून असा जळका, खरखरीत आवाज आला की मी ताबडतोब मशीन बंद केलं. स्पीकरचा कागद फाटलाय, असं माझं निदान. स्पीकर खोलला तर कागद धडधाकट. तरी हट्टानं नवा बसवला. तोच आवाज. मग व्हॉल्व्ह बदलले, वायरी बदलल्या, सुई बदलली. दोन दिवस गिऱ्हाइकांचे रेडिओ तसेच पडून राहिले. शेवटी इलाहीबक्ष म्हणाला, “जोतीराम, मशीन चांगलं हाय. तो माणूसच तसा वाजवायलाय.”

माझा विश्वास बसेना. ज्या आवाजाची तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात तो आवाज कुणी मुद्दाम काढतं? पण आठवडाभरात मला त्याची चटक लागली. त्या फाटक्या आवाजात माणूस तार ओढून सूर वर न्यायचा, वर नेऊन तिथंच धरून ठेवायचा, आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. दुकानात दुसरं कुणी नसलं की मी ती जागा पुन्हा पुन्हा ऐकायचो.

मग दर रविवारी आमची चौघांची बैठक सुरू झाली. मी, इलाहीबक्ष, रावजी आणि गैबीसाब. रावजी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होता. त्याला इंग्रजी वाचता यायचं आणि ते येतं हे तो विसरू द्यायचा नाही. गैबीसाब लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. चौघांची चार मतं. रावजीला बोटं जितकी भराभर फिरतील तितकं ते वादन थोर वाटे. गैबीसाबचं म्हणणं, या गिटारवाल्यांना फुंकायला श्वास लागत नाही म्हणून ते माजलेत, जो मधे थांबतो तोच खरा. इलाहीबक्षला लांबलचक वादन आवडायचं, घाट चढताना डोक्यात पुरलं पाहिजे म्हणायचा. मी या सगळ्यांना अडाणी समजायचो आणि तसं बोलूनही दाखवायचो. चहा थंड व्हायचा, आवाज चढायचे. एकदा तर समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं येऊन विचारलं, कुणाचं जमिनीचं भांडण आहे का म्हणून.

अशाच एका रविवारी इलाहीबक्षनं एक रेकॉर्ड आणली. कुठल्यातरी मोठ्या मैदानात, लोकांसमोर वाजवलेलं अकरा मिनिटांचं गाणं. गाणारा दोन मिनिटांत बाजूला होतो आणि पुढची नऊ मिनिटं नुसती गिटार. आधी अगदी हळू, खालच्या सुरात. लोक शिट्ट्या मारत असतात, ते हळूहळू गप्प होतात. मग तो चढत जातो. घाई नाही, दिखाऊपणा नाही. एक सूर ओढून धरतो तेव्हा त्या मैदानातला कुणीतरी माणूस ओरडतो, आणि दर वेळी त्या जागी मलाही ओरडावंसं वाटायचं. रेकॉर्ड संपली तेव्हा गैबीसाब टोपी काढून बसला होता. इलाहीबक्ष म्हणाला, “क्या बजाया रे एक आदमी ने!”

“एकटाच आहे,” रावजीनं निकाल दिला. “एकट्यानं नऊ मिनिटं. याला म्हणतात तयारी.”

फळ्यांच्या मागून आवाज आला. “एकटा कुटला? दोगं हाईत.”

आम्ही चौघे एकमेकांकडे बघू लागलो. तीन वर्षं आम्ही तिथं भांडत होतो आणि फळीपलीकडे कुणी ऐकत असेल हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“अक्का, एकच गिटार आहे,” मी जरा समजुतीनं म्हणालो.

“तुमाला ऐकू येत न्हाय व्हय? एक जण पुढं बोलायलाय, दुसरा त्याच्या मागनं टाके घालायलाय. पुढचा गप बसला की मागचा थोडं बोलतो, लगेच सरकतो. लई समजूतदार हाय मागचा.”

रावजी हसला. मी मात्र चिडलो, आणि चिडलो की मी काहीतरी सिद्ध करायला जातो. माझ्या मशीनला दोन स्पीकर होते, दोन्हींना आवाजाचा वेगळा हिस्सा जायचा. एकाची वायर काढली आणि रेकॉर्ड पुन्हा लावली. एक गिटार ऐकू आली. मग चालू स्पीकरची वायर काढून दुसऱ्याची जोडली. दुसरी गिटार ऐकू आली. बारीक, संयमी, पहिलीच्या मागे मागे टाके घालत जाणारी. चार शहाण्यांना समोर बसून जे कळलं नव्हतं ते त्या बाईनं फळीपलीकडून, पाठमोरं बसून, हात चालू ठेवून ओळखलं होतं. मला त्या दिवशी फार लाज वाटली आणि तितकाच आनंदही झाला.

तेव्हापासून काशम्मा आमच्या बैठकीची पाचवी झाली, फळीपलीकडची. रेकॉर्ड संपली की मी विचारायचो, “अक्का, कसं होतं?” तिच्या नजरेला, म्हणजे कानाला, जे दिसायचं ते ती सांगायची. एका वादनाबद्दल म्हणाली, “हा बायकोवर चिडून घरातनं निगालाय, पर वेशीपातुर बी जायचा न्हाय.” एका फार भराभर वाजवणाऱ्याबद्दल म्हणाली, “ह्याच्या मागं कुणी लागलंय काय?” रावजीचा तो लाडका होता. तो आठ दिवस तिच्याशी बोलला नाही.

पण ती असं वर्णन क्वचित करायची. बहुतेक वेळा एक आकडाच सांगायची. त्या अकरा मिनिटांच्या रेकॉर्डीबद्दल म्हणाली, “अठरा विड्या.” दुसरीला म्हणाली, “पाच.” रावजीच्या लाडक्याला, “एक. ती बी शिंक आली म्हणून.”

आम्ही यातून अर्थ काढला. तेवढ्या वेळात तिच्या तेवढ्या विड्या वळून होतात, असा. अकरा मिनिटांत अठरा. साधारण हिशोबाला बसत होतं. ज्या वादनाचा ठेका हाताला सोयीचा, त्याला जास्त विड्या. रावजीनं पार्सलच्या कोऱ्या पावतीमागे तक्ताच करून भिंतीवर लावला आणि श्रमाचा ठेका यावर आम्हाला दोन रविवार व्याख्यान दिलं. रेकॉर्डींची नावं माहीत नव्हती, ती सोयही झाली. “पाचाची लाव”, “सातवाली कुठं गेली”, असं आम्ही बोलू लागलो. ती मैदानातली रेकॉर्ड झाली ‘अठरा’.

आणि मग मला दयेचा उमाळा आला. बिचारी दिवसभर राबते, तिच्या हाताला मदत करणारी रेकॉर्ड माझ्यापाशी आहे, मग ती वाजवायला मला काय जातंय? मी ‘अठरा’ रोज लावू लागलो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मिळून सहा-सहा वेळा. फळीपलीकडून कधी तक्रार आली नाही. माझ्या उपकाराची तिला जाणीव आहे असं समजून मी आतल्या आत फुगत होतो.

दोन आठवडे असे गेले. एका शनिवारी दुपारी गौरम्मा दुकानात शिरली. ही गल्लीच्या टोकाला राहणारी, काशम्मा देते त्याच कारखान्यात विड्या देणारी बाई. तिनं थेट मशीनच्या डोक्यावर हात ठेवला.

“हे बंद करतोस का फोडू?”

“काय झालं?”

“काशम्माचं कार्ड जायलंय, ते झालं.”

कार्ड म्हणजे विडीवाल्या बाईची भाकरी. कार्डावर कारखाना पानं आणि तंबाखू देतो, तेवढ्या विड्या वेळेवर परत द्याव्या लागतात. कार्ड गेलं की काम गेलं, आणि नव्या कार्डासाठी बायका वर्षानुवर्षं थांबलेल्या असतात. काशम्माच्या विड्या दोन आठवडे रोज कमी पडत होत्या. पहाटे उठून ती भरून काढायची, तरी बारा कट्टे मागं राहिले होते. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. कारखान्याच्या कारकुनानं त्या दिवशी ताकीद दिली होती: परवाचा सोडून पुढच्या सोमवारपर्यंत मागचं सगळं आण, नाहीतर कार्ड जमा कर.

“पण मी तर तिच्यासाठीच लावतो,” मी म्हणालो. “अठरा विड्या होतात तिच्या.”

गौरम्मानं कपाळावर हात मारून घेतला. “अय्यो! होत न्हाईत रे अठरा! तुजं ते वाजायला लागलं की हात थांबतो तिचा. पान तसंच हातात. अठरा विड्या व्हायच्या त्या होत न्हाईत, तेवडा वेळ बसून ऐकती ती!”

मी स्टुलावर बसलो. रावजीचा तक्ता समोर भिंतीवर होता. ज्या बाईचा हात भांडताना थांबत नव्हता, ताप असताना थांबत नव्हता, तिचा हात किती वेळ थांबला, त्याचा तो आकडा होता. आम्ही वा म्हणायचो, टोपी काढायचो, मान हलवायचो, आणि त्यात आमचं काहीच जात नव्हतं. ती प्रत्येक वेळी आपल्या कामातून कापून दाद देत होती. मी ती दाद दिवसातून सहा वेळा तिच्याकडून वसूल करत होतो, वर दया केल्याच्या थाटात. इतका मूर्ख मी पुन्हा कधी ठरलो असेन असं वाटत नाही.

गौरम्मा गेल्यावर मी फळीजवळ गेलो. “अक्का, मला सांगितलं का नाहीस?”

ती म्हणाली, “सांगितलं असतं तर बंद केलं असतंस की.”

मी मशीनवर फडकं टाकलं. रविवारची बैठक रद्द केली. पुढचे सहा दिवस दुकानात हातोडी आणि सोल्डरची चरचर, बाकी काही नाही. काशम्माचे रोजचे हजार पुरे होऊ लागले. पण हजार हा तिच्या हाताचा पुरा पल्ला होता, त्यामुळे मागचे बारा कट्टे तसेच राहिले. शनिवारी सकाळी फळीवर कात्रीनं ठोकल्याचा आवाज आला.

“ए रेडिओ! मशीन बिघडलं काय?”

“नाही. तुझ्या कार्डासाठी बंद ठेवलंय.”

“मला इचारलंस?”

“अक्का, सोमवारपर्यंत थांब. रोजच्या हजार आणि वर तीनशे द्यायच्यात तुला. एक दिवस राहिलाय.”

“ते मला ठावं हाय. सहा दिवस हात चालला, लई चालला. पर घरात कुणी मेल्यागत वाटायलंय मला. कार्ड माजं हाय, जोतीराम. कान बी माजंच हाईत.”

मी तसाच उठलो आणि तिघांना गाठलं. बारा कट्टे विड्या आपण वळून देऊ, मी म्हणालो, त्यात काय एवढं. गौरम्माला शिकवायला बोलावलं. तासाभरात चौघांनी मिळून अकरा विड्या केल्या. रावजीच्या विडीतून तंबाखू सांडत होती. गैबीसाबच्या विड्या तोंडाशी सनईसारख्या पसरल्या होत्या. माझी एक बरी झाली असं मला वाटलं, तीही गौरम्मानं उलगडून पान परत घेतलं. “विड्या तपासणारा चेकर ह्या तोंडावर फेकून मारंल,” ती म्हणाली. “वळायचं सोडा. पानं कापा की! बाप्या माणसाचे हात काय झडतात?”

पानं कापणं हे निम्मं दुखणं असतं. आदल्या संध्याकाळी पानं भिजवायची, सकाळी एकेका पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, शीर मधे येऊ द्यायची नाही. काशम्माचे रोजचे अडीच तास त्यात जायचे. तेवढे तिला मोकळे मिळाले तर तीनशे विड्या निघत होत्या.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही चौघे दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसलो. मधे ओल्या फडक्यात पानांचा गठ्ठा. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. पिठाच्या गिरणीवाल्यानं विचारलं, रेडिओचा धंदा बसला काय? मी त्याला काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. कापलेली पानं फळीच्या फटीतून मी आत सरकवत होतो आणि पलीकडून ती ओढून घेत होती. मुली तोंडं दुमडत होत्या, गौरम्मा कट्टे बांधत होती. आमच्या बोटांना फोड आले. रावजी इंग्रजीत कण्हत होता. मशीन बंदच होतं आणि कुणी त्याचं नाव काढत नव्हतं.

सोमवारी कारकुनानं बावन्न कट्टे मोजून घेतले आणि कार्ड तिच्याकडेच राहिलं, हे आधीच सांगून टाकतो. मला सांगायचंय ते रविवारचंच आहे.

संध्याकाळी साडेचारला गौरम्मानं शेवटचा कट्टा बांधला. दोन मिनिटांनी काशम्मा रस्त्यानं वळसा घालून दुकानाच्या दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत ती कधी अलीकडे आली नव्हती. मशीनकडे, दोन स्पीकरांकडे तिनं नीट बघून घेतलं, जसं माणूस नुसत्या आवाजानं ओळखीच्या असलेल्या कुणाला पहिल्यांदा बघतं. मग गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. मांडीवर सूप नव्हतं.

“लाव,” ती म्हणाली.

मी ‘अठरा’ लावली आणि पुन्हा फरशीवर बसलो, कारण सोमवारी वळायची पानंही आजच कापून ठेवायचं ठरलं होतं. गाणारा गात होता तोवर तिची बोटं मोकळ्या मांडीवर वळत राहिली, पान नसताना, दोरा नसताना. गिटार सुरू झाली तशी ती थांबली. तिनं डोळे मिटले. दिवसभराच्या तंबाखूनं काळी पडलेली बोटं पदरावर उताणी पडून राहिली. तो माणूस चढत गेला, मागचा त्याला टाके घालत गेला. माझी कात्री कधी थांबली मला कळलं नाही. बाकीच्यांच्याही थांबल्या होत्या. गैबीसाबचा हात टोपीकडे निघाला होता.

काशम्मानं डोळे उघडले नाहीत.

“कात्र्या का थांबल्या?” ती म्हणाली. “रोज मी काम करती आन् तुमी ऐकताय. आज मी ऐकती. कापा.”

आम्ही चौघांनी माना खाली घातल्या आणि कापू लागलो. पानाच्या शिरेवर नजर ठेवावी लागते, साचा सरकू द्यायचा नसतो. पुढं गिटार कशी वाजली ते मी ऐकलं नाही.